घुबडाला दाखवलेली सकाळ

खांब क्रमांक चौदाच्या खालचे झाड अर्धेच झोपते. दिव्याकडच्या फांद्यांची पाने तीन आठवडे उशिरा गळतात. ऋतू बदलला हे त्यांना कुणी कळवलेलेच नसते.

*

सात सुया. काळा, पांढरा, निळा, खाकी, लाल, राखाडी, आणि सातवीत जो सापडेल तो.

*

धूमकेतूचे शेपूट नेहमी सूर्याच्या उलट बाजूला असते. म्हणजे सूर्यापासून परत निघाला की तो शेपूट पुढे करून चालतो. रेडिओवर ही माहिती सांगणाऱ्या बाईंना त्या दिवशी सर्दी झाली होती.

*

तक्रारीच्या छापील फॉर्मवर चार चौकटी आहेत. दिवा बंद आहे. दिवा लुकलुकतो. खांब वाकला आहे. इतर.

*

खांब क्रमांक सहावर एक पक्षी अंधार पडल्यावरही गात बसतो. त्याला वाटते दिवस आहे. गल्लीत त्याला ‘नाइट ड्युटी’ म्हणतात.

*

“बाकीचं राहू द्या. मला दिसेल का, तेवढं सांगा.”

*

हे ती डॉक्टरांना म्हणाली नाही. नवऱ्याला म्हणाली, सोमवारी सकाळी, स्वयंपाकघरात. सर्दी झालेल्या बाई नुकत्याच सांगून गेल्या होत्या की धूमकेतू आता पहाटेचा संध्याकाळी आला आहे, सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला अर्धा-पाऊण तास दिसेल, शुक्रवारपर्यंत बरा दिसेल, मग अंधूक होत जाईल. पुन्हा यायला त्याला हजारो वर्षे लागतील.

तो सुया ओवत होता. कामावर निघण्याआधी तिच्यासाठी सात सुया ओवून सुयांच्या गादीत टोचून ठेवायच्या, हे दोन वर्षांपासून त्याचे काम होते. ती घरातच पुढच्या खोलीत उसवलेले शिवून द्यायची, झिपा बदलायची, पँटी आखूड करायची, बटणे लावायची. डावा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला. उजवा कडेकडेने मिटत चालला होता. आता तिला जग दोऱ्याच्या रिळाच्या भोकातून पाहिल्यासारखे दिसे. भोकाच्या आत सगळे जागच्या जागी, बाहेर काही नाही. सहा महिने, डॉक्टर म्हणाले होते. फार तर वर्ष.

“तुला कशाला हवाय तो धूमकेतू?” त्याने विचारले. चेष्टेने विचारले, पण तिने ते चेष्टेवारी नेले नाही.

“जन्मभर हातभर अंतरावरचंच बघितलं हो मी. बटण, काज, सुईचं नेढं. डोळा जायच्या आत एकदा लांबचं बघू द्या. सगळ्यात लांबचं.”

त्याने राखाडी दोऱ्याला गाठ मारली.

“बघू,” तो म्हणाला.

*

तो रस्त्यावरच्या दिव्यांच्या खात्यात एकतीस वर्षे होता. गल्ली त्याला लाइटवाले काका म्हणायची. स्वतःच्या घराची गल्ली त्याच्याच लाइनीत होती, लाइन क्रमांक सात, बावीस खांब, आणि त्याला एका गोष्टीचा अभिमान होता, जो तो कुणाला बोलून दाखवत नसे: सात नंबरवर अंधार कधी मुक्कामाला राहिला नव्हता. दिवा गेला की दुसऱ्या संध्याकाळच्या आत लागायचाच. लोक तक्रार घेऊन आले की तो म्हणे, “उद्या बघतो,” आणि खरेच उद्या बघे. सरकारी नोकरीत हे शब्द इतके खरे वापरणारा माणूस खात्यात दुसरा नव्हता.

दिव्यांच्या काचा पुसणे हेही त्याच्याकडेच. पूर्वी एका काचेतून ओंजळभर किडे निघत. पाखरे, पतंग, भुंगे, हिरव्या पाठीचे सोनकिडे. मेलेल्या सोनकिड्यांचे पंख तो खिशात घालून आणायचा आणि ती ते बटणांच्या डब्यात ठेवायची. “या रंगाचं बटण अजून कुणी काढलं नाही,” ती म्हणायची. अलीकडे काच उघडली की चिमूटभर निघत. सोनकिडा तर दोन वर्षांत दिसलाच नव्हता. काच पुसायला सोपी झाली म्हणून सगळे खूश होते. त्याला ते रिकामेपण आवडत नव्हते, पण याची तक्रार कुठल्या चौकटीत करायची ते माहीत नव्हते.

गेल्या वर्षी पिवळे दिवे काढून पांढरे बसवले. बावीसच्या बावीस त्याने स्वतः बसवले. पेपर वाचता येईल असा उजेड पडला. आणि त्यातला तीन नंबरचा दिवा बरोबर त्यांच्या गच्चीच्या उंचीला, पश्चिमेच्या बाजूला होता.

*

मंगळवारी ती गच्चीवर गेली. सोळा पायऱ्या, आठव्या पायरीनंतर वळण. तिला त्या पाठ होत्या. त्याने वायरी घालायचा एक हातभर लांबीचा पाइप कठड्याला क्लिपांनी बसवून ठेवला होता, पाण्याच्या टाकीच्या वर चार बोटे अशा बेताने. रेडिओने तसेच सांगितले होते. पाइपातून बघितल्याने दुसऱ्याचे आकाश कमी झाले असते, तिचे होणार नव्हते.

ती पाइपाला डोळा लावून उभी राहिली. तीन नंबरचा दिवा लागला.

“काय दिसतंय?”

“दूध,” ती म्हणाली. “कुणीतरी दूध ओतलंय भोकात.”

त्याने पाइपावर कापड धरले, छत्री धरली, स्वतः दिव्यासमोर उभा राहून पाहिले. दूध कमी होईना. चाळीस मिनिटांनी ती खाली उतरली आणि म्हणाली की दिवा मात्र छान बसवलाय तुम्ही, अजिबात हलत नाही. यात टोमणा किती आणि कौतुक किती, हे चौतीस वर्षे संसार करूनही त्याला ठरवता आले नाही.

*

बुधवारी सकाळी त्याने कार्यालयात फॉर्म भरला. आपल्याच खात्याकडे, आपल्याच लाइनीबद्दल.

तक्रारीचा प्रकार: इतर.
तपशील: दिवा चालू आहे.
विनंती: शुक्रवारपर्यंत रोज संध्याकाळी पंचवीस मिनिटे लाइन क्र. ७ बंद ठेवावी, जेणेकरून पत्नीस गच्चीवरून धूमकेतू दिसेल.

संध्याकाळी तो तिला बसने नदीकाठी घेऊन गेला. तिथे अंधार होता, पण तो तिच्या ओळखीचा नव्हता. घाटाच्या तिसऱ्याच पायरीवर ती पडली. गुडघा सोलवटला. तो तिला सावरून बसवेपर्यंत, जखम धुवेपर्यंत, जे बुडायचे ते बुडून गेले होते.

बसमध्ये ती म्हणाली, “आपल्या घराच्या पायऱ्या मला पाठ आहेत. जगाच्या नाहीत. आता जे व्हायचं ते गच्चीवरच होऊ द्या.”

*

गुरुवारी उत्तर आले. इतक्या लवकर उत्तर यायची खात्यात पद्धत नव्हती. खाली इंजिनियर मॅडमची सही होती. मॅडम वयाने त्याच्या धाकट्या पुतणीएवढ्या, कामाला कडक, पण त्याला कधी नावाने हाक न मारणाऱ्या.

“सदर लाइन अंधारात ठेवण्याची तरतूद नाही. धूमकेतूबाबतचा विषय या विभागाच्या अखत्यारीत येत नाही.”

त्याला ते पटले. एकतीस वर्षांत त्याने स्वतःही दुसरे काही लिहिले नसते. लाइनीच्या बटणांच्या पेटीची किल्ली आता कार्यालयात असायची, आणि बटण कुणी दाबले ते पडद्यावर नावासकट उमटायचे.

*

त्याच दुपारी तीन वाजता सात नंबरचे बावीसही दिवे लागले. लख्ख उन्हात.

पहिल्या खांबावर, पेटीच्या वरच्या बाजूला, मुठीएवढा एक सेन्सर असतो. खात्यातले लोक त्याला घुबड म्हणतात. अंधार झालेला घुबडाला कळला की ते लाइन चालू करते, उजाडले की बंद करते. तो धावत पोहोचला तेव्हा घुबडाच्या तोंडाला काळे कापड गुंडाळलेले होते, चांगली नीट गाठ मारून. खाली स्टुलाजवळ तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमन उभे होते आणि वर बघत होते. पत्र चुकीच्या घरात टाकल्यावर माणूस जसा बघेल तसे.

“मला वाटलं,” पोस्टमन म्हणाले, “डोळे बांधले की झोपेल.”

“अहो, घुबड आहे ते. डोळे बांधले की जागं होतं.”

कापड एका बायकी कोटाच्या अस्तराचे होते. ते कुणाच्या कपाटातून आले हे विचारायची गरज नव्हती. म्हणजे कटात घरचेच माणूस सामील होते. तो वर चढला आणि गाठ सोडू लागला. गाठ तिचीच होती, सुटता सुटेना.

“मग त्याला झोपवायचं तरी कसं?” खालून पोस्टमननी विचारले.

“ते नाही झोपवता येत—” तो म्हणाला आणि थांबला.

आजवर त्याने हा विचार केलाच नव्हता. त्याचे सगळे डोके दिवा लागावा कसा याच्यामागे गेले होते.

“उजेड दाखवून,” तो हळू म्हणाला.

मॅडमनी त्याला बोलावून घेतले. दिवसा दिवे चालू असल्याच्या अकरा तक्रारी आल्या होत्या, सगळ्या ‘इतर’मध्ये. त्याने सांगितले की घुबडावर कापड उडून बसले होते. मॅडमनी विचारले, गाठ मारून? टेबलावर त्याचा कालचा फॉर्म अजून होता.

*

शुक्रवार. सात सुया. काळा, पांढरा, निळा, खाकी, लाल, राखाडी, हिरवा.

संध्याकाळी सहा बेचाळीसला दिवे लागले. पोस्टमन तिच्याबरोबर गच्चीवर गेले. पाइप नेमका लावायचे काम त्यांच्याकडे होते. चाळीस वर्षे पत्ते शोधलेला माणूस, ते म्हणाले, एवढ्या आभाळात एक घर सापडणार नाही का.

तो पहिल्या खांबाला शिडी लावून वर चढला. पहिला खांब इमारतीच्या मागच्या बाजूला, पूर्वेला. तिथून पश्चिम दिसत नाही. दिसते ती इमारतीची भिंत आणि सांडपाण्याचे पाइप. त्याने टॉर्च घुबडाच्या तोंडाशी नेला आणि बटण दाबले.

टॉर्चचे बटण सैल होते. अंगठ्याने दाबून धरले तरच तो चालू राही. नवा टॉर्च मागून घ्या, असे ती दोन वर्षे सांगत होती. त्याने टेप गुंडाळून पाहिली होती, दोरा गुंडाळून पाहिला होता. बटणाला अंगठाच लागायचा. शिवाय घुबडाचा स्वभाव त्याला माहीत होता. विजेच्या एका लखलखाटाने फसू नये म्हणून त्याला सकाळ पटायला पुरते एक मिनिट लागते. रात्र मात्र लगेच पटते. अंगठा क्षणभर उचलला की संपले.

मिनिट गेले. पेटीत खट् झाले. सातव्या लाइनीवर अंधार झाला.

तो त्याने केलेला पहिला अंधार होता. आधी खांब सहावरचा नाइट ड्युटीवाला मध्येच गायचा थांबला, जणू त्याला कुणी रजा मंजूर केली. मग दारे उघडल्याचे आवाज आले. “गेली वाटतं लाइट.” “आपलीच गेलीय, पलीकडे आहे.” “काकांना फोन लावा.” एक बाई म्हणाली की काकांच्या लाइनीवर असं कधी होत नाही, आणि त्याला शिडीवर ओशाळल्यासारखे झाले. मग आवाज हळूहळू वर गेले, खिडक्यांतून गच्च्यांवर. कुणीतरी म्हणाले, “अरे, केवढे तारे आहेत. हे रोज असतात?”

खिशातला फोन वाजला. त्याने डाव्या हाताने काढला, गुडघ्याने शिडी धरून.

“काका, तुमची लाइन बंद दाखवतेय. माणूस पाठवू?” इंजिनियर मॅडम.

“मी खांबावरच आहे, मॅडम.”

“किती वेळ लागेल?”

“पंचवीस मिनिटं.”

हा आकडा त्यांनी फॉर्मवर वाचला होता.

“काकूंबरोबर कुणी आहे का गच्चीवर?” मॅडमनी विचारले.

“आहेत. पोस्टमन आहेत.”

“मग ठीक आहे. पंचवीस लिहिते. सव्विसावं नको.”

गच्चीवरून पोस्टमनचा आवाज येत होता. थोडं डावीकडे, वहिनी. थोडं वर. गल्ली बरोबर आहे, आता घर शोधा. तिचा आवाज येत नव्हता. त्याचा अंगठा दुखायला लागला, मग बधिर झाला. नजरेसमोर फक्त टॉर्चचा प्रखर गोल होता आणि त्या गोलाच्या कडेने बाकीचे सगळे काळे. तिला असे दिसत असेल का, असा एक विचार त्याच्या मनात आला, आणि तो त्याने तिथेच सोडला.

उजेडाला पाखरे यायला लागली. गल्लीत आता तेवढा एकच दिवा होता. पाच-सहा पाखरे, एक पतंग. मग काहीतरी जड येऊन त्याच्या मनगटावर बसले. हिरवे. पाठ अशी चमकत होती की आत्ताच कुणी पुसून ठेवली आहे. सोनकिडा, जिवंत. त्याने मनगट हलवले नाही. तसेही हलवता आले नसते.

“अहो.”

ती गच्चीच्या मागच्या कठड्याशी आली होती. लग्नाला चौतीस वर्षे झाली, पण तिने त्याला असे गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने कधी हाक मारली नव्हती.

“अहो, दिसलं.”

“बरं,” तो म्हणाला.

“तुम्ही पण या ना वर. बघा. पोस्टमन म्हणतात अजून दहा मिनिटं आहे.”

पोस्टमनचे गुडघे शिडीचे नव्हते. आणि हात बदलताना घुबडाला लगेच रात्र कळली असती.

“तू जा, बघ परत,” तो म्हणाला. “मी उद्या बघतो.”

*

पंचविसाव्या मिनिटाला त्याने अंगठा उचलला. बावीस दिवे एकदम लागले. नाइट ड्युटीवाला जिथे थांबला होता तिथूनच पुढे गाऊ लागला.

घरी तिने त्याचा अंगठा हातात घेतला. बटणाचा खळगा त्यात उमटला होता. तो तिने बोटाने चाचपला, काज नीट झाले आहे का ते बघावे तसा.

“कसा होता?” त्याने विचारले.

“कपड्यावर खडूनं रेघ मारतो ना आपण? आणि मग ती बोटानं पुसतो? तसा. पण पुसणाऱ्याच्या मनात ती पूर्ण पुसायचं नव्हतं.” तिने त्याच्या तळहातावर बोट टेकवले. “खाली ठिपका. तिथून वर रेघ. मला वाटलं टाचणीसारखं असेल. पण टाचणीला टोक असतं. याचं टोकच सापडेना मला. भोकाच्या बाहेर गेली ती रेघ, तिकडे पोस्टमननी पाइप नेला, तर तिथंही होतीच.”

“माझ्याकडं एक हिरवा आला होता,” तो म्हणाला. “जिवंत.”

“आणला नाहीत?”

“हात मोकळा नव्हता.”

तिने बटणांचा डबा काढला. झाकण उघडून आत बोटे फिरवली. जुन्या सोनकिड्यांचे पंख तिला न बघता कळायचे. बटणांपेक्षा हलके लागतात. ती एक एक काढून त्याच्या तळहातावर ठेवत गेली.

*

शनिवारी ढग आले. सहा दिवस राहिले. सातव्या दिवशी आकाश मोकळे झाले तेव्हा पाण्याच्या टाकीच्या वर काहीच नव्हते.

कार्यालयाच्या वहीत मॅडमच्या अक्षरात एक ओळ आहे: लाइन क्र. ७, शुक्रवार, पंचवीस मिनिटे बंद. कारण: इतर.

डॉक्टरांनी फार तर वर्ष म्हटले होते, डोळ्याने आठ महिने काढले. ती अजून बटणे लावते, बोटांनी. काज करायचे बंद केले. तो निवृत्त झाला, पण सकाळी चहाआधी सात सुया ओवतो आणि गादीत डावीकडून त्याच क्रमाने टोचतो: काळा, पांढरा, निळा, खाकी, लाल, राखाडी. सातवीत कुठला आहे ते तिला सांगावे लागते. तो सांगतो.

*

धूमकेतू त्याला आधीच दिसला होता. त्या सोमवारच्या अकरा दिवस आधी, पहाटे पाचला, खांब क्रमांक नऊवर. दिवा काढून हातात घेतलेला होता, त्यामुळे तेवढ्यापुरता तिथे अंधार होता. पूर्वेला छपरांच्या वर एक पांढरट ओरखडा दिसला. चष्म्यावर डाग पडला असे समजून त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने दोन्ही काचा पुसल्या आणि नवा दिवा बसवला.